निशिगंधाला नुसतीच पात, फूल नाही! काय चुकतंय?

सातवा_मजला | ६ एप्रिल, सकाळी १०:१२
नमस्कार मंडळी. बागकामात मी तशी कच्चीच, त्यामुळे बाळबोध प्रश्नाबद्दल आधीच माफी.

ठाण्यात सातव्या मजल्यावर राहते. तीन वर्षांपूर्वी नर्सरीतून निशिगंधाचे सहा कंद आणून बाल्कनीतल्या दोन कुंड्यांमध्ये लावले. पहिल्या वर्षी एका कुंडीत तीन दांडे आले. घर असं घमघमलं की लिफ्टमधून बाहेर पडणारे लोक आमच्या दारासमोर क्षणभर थांबायचे. दुसऱ्या वर्षी एकच दांडा आला, तोही मरतुकडा. गेल्या वर्षी शून्य. पात मात्र अशी माजलीय की कुंडी दिसत नाही. दुसऱ्या कुंडीत तर आजवर एकदाही फूल आलेलं नाही.

पाणी रोज घालते, बारा महिने. दर पंधरा दिवसांनी कंपोस्टचं पाणीही देते. ऊन सकाळी दोन-अडीच तास येतं. सासूबाई म्हणतात कंद म्हातारे झाले, टाकून दे. मन होत नाही.

कंद खरंच म्हातारे होतात का?

शंकासुर | ६ एप्रिल, सकाळी १०:३१
सासूबाईंनी नेमकं कोणाला उद्देशून म्हटलं ते आधी तपासा.

चिन्मयी८४ | ६ एप्रिल, सकाळी १०:४०
वाचतेय. माझ्याकडेही हेच झालंय. मी तर त्याला पातीचा कांदा म्हणून आमटीत घालायच्या बेतात होते. (घातला नाही. काळजी नसावी.)

वसूमावशी | ६ एप्रिल, सकाळी ११:०५
अगं, टाकू नकोस. आणि रोज पाणी पहिलं बंद कर.

आमच्या सांगलीच्या घराच्या मागे आडाजवळ निशिगंध होता. माझी आई होळी झाली की त्याचं पाणी तोडायची. पात पिवळी पडून लोळली की कुदळीने अख्खा गड्डा उपसायचा, माती झाडायची, कंद सुटे करायचे आणि माजघरात पोत्यावर पसरून ठेवायचे. अक्षय्य तृतीयेला परत लावायचे. आम्हा मुलांचं काम म्हणजे मोठे एका सुपात, छोटे दुसऱ्या सुपात. छोट्यांना ती "पोरं" म्हणायची. पोरं लावायची वेगळ्या वाफ्यात, त्यांच्याकडून फुलाची अपेक्षाच नाही. पुढच्या वर्षी ती मोठ्यांच्या सुपात जायची.

तुझ्या कुंडीत तीन वर्षांची पोरंच पोरं झाली असणार. एका खोलीत वीस जणांचा संसार.

अडाणी_माळी | ६ एप्रिल, सकाळी ११:२२
मावशींचा मान राखून असहमत. माझ्या अंगणात, नाशिकला, एकाच जागी सहा वर्षं निशिगंध आहे. एकदाही उपटला नाही. दरवर्षी फुलतो. कंद काढा, सुकवा, निवडा, ही सगळी उगाच कटकट आहे. झाडाला झाडाच्या जागी राहू द्यावं. ऊन कमी आहे, एवढंच कारण. अडीच तासांत काय होणार?

मातीतलाच | ६ एप्रिल, दुपारी १:४८
जेवायला घरी आलोय म्हणून लिहितो. आमची पुरंदर तालुक्यात गुलछडी आहे, दीड एकर. निशिगंध म्हणायचं तुम्ही, आमच्याकडं आणि पुण्यात गुलटेकडीच्या बाजारात गुलछडीच म्हणतात.

तुम्ही दोघं बी बरोबर आहात. सांगतो कसं.

गुलछडीचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. एकदा त्यातनं दांडा निघाला की त्या कंदाचं काम संपलं. परत त्यातनं दांडा येत नाही. पण जाताजाता तो बाजूनं दहा-वीस पिल्लं टाकून जातो. ती पिल्लं पोसली की ती फुलायची, मग त्यांची पिल्लं. म्हणून ताई, तुमचे ते सहा कंद म्हातारे झालेले नाहीत. ज्यांनी फूल दिलं ते कधीच गेलेत. आता कुंडीत आहेत ती त्यांची पोरं-नातवंडं.

पिल्लू पोसायला जागा लागते, ऊन लागतं. अंगणातल्या जमिनीत ती बाजूला सरकत जातात, म्हणून माळीसाहेबांचं सहा वर्षं चाललंय. कुंडीत सरकणार कुठं? सगळी लसणाच्या पाकळीएवढी राहतात. पात करतात, दांडा करायची ताकद नाही. आम्ही शेतात पण तीन वर्षं खोडवा ठेवतो, म्हणजे तेच पीक न उपटता चालू ठेवतो, मग रान मोडून कंद काढतो. तिसऱ्या वर्षी फूल बारीक पडतं, दांडा आखूड निघतो. त्याच्यापुढं परवडत नाही.

लावायला सुपारीपेक्षा मोठा कंद घ्या. टोकाला निमुळता, हाताला टणक. त्याच्यापेक्षा बारका लावला तर यंदा नुसती पात बघायची.

अडाणी_माळी | ६ एप्रिल, दुपारी २:१५
हे पटलं. गेल्या वर्षी माझ्याकडेही कडेकडेलाच फुलं आली होती, मध्ये नुसतं जंगल होतं. आत्ता लक्षात आलं.

पानफुटी | ६ एप्रिल, रात्री ९:३०
मातीतलाच यांनी जे सांगितलं त्याच्यामागे एक मजेदार नातं आहे. वर्गात सांगते तेव्हा मुलं विश्वास ठेवत नाहीत.

निशिगंध हा घायपाताचा भाऊबंद आहे. बांधावर काटेरी पात्यांचं घायपात असतं ना, ज्याचे दोर वळतात, तेच. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३ साली निशिगंधाला पॉलिअँथस ट्युबरोजा हे नाव दिलं आणि अडीचशे वर्षं ते चाललं. पण पुढे जनुकीय अभ्यासातून दिसलं की हा घायपाताच्या कुळातच नव्हे, अगदी त्याच्याच प्रजातीत (जीनसमध्ये) बसतो. म्हणून २०१७ पासून त्याचं शास्त्रीय नाव अगेव्ह अमिका. नर्सऱ्या आणि पुस्तकं अजून जुनंच नाव वापरतात.

घायपात काय करतं? अनेक वर्षं नुसती पानं वाढवतं, एकदाच भला मोठा दांडा टाकतं आणि मरतं. मागे बुंध्याशी पिल्लं. निशिगंधही तेच करतो, फक्त घाईने आणि लहान प्रमाणात. सहा कंदांची गोष्ट त्यांच्या खानदानातच आहे.

इंग्रजी नावाचा आणि गुलाबाचाही काही संबंध नाही, बरं का. ट्युबरोजा म्हणजे गाठीगाठीचा, कंदवाला. लोकांनी त्यातून "रोज" वेगळा काढला.

शंकासुर | ६ एप्रिल, रात्री ९:४४
म्हणजे दोर वळायचे, टकीला गाळायची आणि वेणीत माळायचं, सगळं एकाच घरात. कर्तबगार कुटुंब.

पानफुटी | ६ एप्रिल, रात्री ९:५८
टकीलाही त्याच घरातली हो. गावही एकच, मेक्सिको. निशिगंध मूळचा तिकडचा. आता तिथेही तो रानात सापडत नाही, जगभर फक्त लागवडीतच आहे. आझ्टेक लोकांच्या नाहुआट्ल भाषेत त्याचं नाव ओमिशोचित्ल, म्हणजे हाडाचं फूल. पांढरं, गुळगुळीत, मेणचट. नाव चपखल आहे.

गुरुजी_बाळ | ६ एप्रिल, रात्री १०:२०
क्षमस्व, पण निशिगंध, रजनीगंधा ही शुद्ध संस्कृत नावं आहेत. देवाला वाहतात. मेक्सिको वगैरे म्हणजे जरा अति होतंय.

पानफुटी | ६ एप्रिल, रात्री १०:३३
नाव आपण दिलं, झाड त्यांनी दिलं. सीताफळाला सीतेचं नाव आहे, पण तेही अमेरिकेकडूनच आलं. आणि गणपतीच्या हारातला झेंडूही मेक्सिकोचाच. म्हणजे झेंडू आणि गुलछडीचा हार घातलात तर बाप्पाच्या गळ्यात फक्त दोरा आपला.

शंकासुर | ६ एप्रिल, रात्री १०:३५
दोरा घायपाताचा नसेल तर.

गुरुजी_बाळ | ६ एप्रिल, रात्री १०:४१
हा हा, बरं. देवाला चालतंय तर मला का नको?

बंगालची_सून | ७ एप्रिल, सकाळी ८:५०
कोलकात्याहून हजेरी. लग्न होऊन इथे आले तेव्हा रजनीगंधाने मला पहिला धक्का दिला होता. लग्नात सगळीकडे तोच. हार त्याचे, गाडीवर तो, खोलीत तर भिंती दिसत नव्हत्या. म्हटलं काय रसिक लोक आहेत! चार महिन्यांनी सासऱ्यांच्या काकांचं निधन झालं. भेटायला गेले तर तिथेही तीच पांढरी छडी, तोच वास. मला एकदम आमची लग्नाची खोली आठवली आणि मी बाहेरच्या खोलीत येऊन बसले.

आता सवय झाली. हावडा पुलाच्या पायथ्याशी मल्लिक घाटाचा फुलबाजार आहे. तिथे सकाळी छड्यांचे भारे डोक्यावरून जाताना बघणं हा एक सोहळा असतो. पण घरात फुलदाणीत ठेवताना अजूनही माझा हात जरा अडतो.

जर्सीकर | ७ एप्रिल, सकाळी ९:३५
वसूमावशींच्या माजघरातलं पोतं वाचून बायकोला हाक मारली. आम्ही न्यू जर्सीत बरोबर हेच करतो, फक्त माजघराऐवजी बेसमेंट आणि सुपाऐवजी पिझ्झाचा खोका. इथे जमीन गोठते, कंद आत राहिला तर सडून चिखल होतो. त्यामुळे ऑक्टोबरात पहिलं दहिवर पडायच्या आत काढायचे, सुकवायचे, कोरड्या पीट मॉसमध्ये (वाळलेल्या शेवाळाच्या भुशात) ठेवायचे. मार्चअखेर घरातच कुंडीत जागे करायचे आणि मेच्या मध्यावर बाहेर. फुलतात सप्टेंबरात, म्हणजे थंडीच्या पुढ्यात. एका वर्षी दांडा आला, कळ्या आल्या आणि त्याच रात्री पारा घसरला. कुंडी उचलून दिवाणखान्यात आणली. तिथे फुलला. तीन दिवस सगळ्यांचे जॅकेट निशिगंधाच्या वासाचे.

ऑफिसात एकीने विचारलं, कोणतं परफ्यूम? म्हटलं, आमच्या गणपतीचं.

चिन्मयी८४ | ७ एप्रिल, सकाळी ९:५२
एक प्रामाणिक कबुली. मला निशिगंधाला अधूनमधून बामचा वास येतो. पाठदुखीच्या मलमाचा. घरात सगळे वेड्यात काढतात.

केमिकल_लोचा | ७ एप्रिल, सकाळी ११:१५
चिन्मयी, तुमचं नाक पहिल्या नंबरचं आहे. पोटापाण्यासाठी सुगंधाच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो. निशिगंधाच्या अर्कात मिथाइल सॅलिसिलेट असतं. दुखऱ्या सांध्यांवर चोळायच्या मलमातही तेच असतं. त्याच्या जोडीला मिथाइल बेंझोएट, बेंझिल बेंझोएट, थोडं इंडोल असा मोठा गोतावळा. इंडोल चिमूटभर असेल तर फुलाला "जिवंत" करतं, जास्त झालं तर कुजका वास. म्हणून बंद खोलीत निशिगंध काहींच्या डोक्यात जातो.

या फुलाचं अत्तर काढणं त्रासाचं. गुलाबासारखं वाफेवर टाकलं तर नाजूक वास बिघडतो. फ्रान्समध्ये ग्रास नावाचं अत्तरांचं गाव आहे. तिथे पूर्वी काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर ताजी फुलं मांडायचे. निशिगंध आणि मोगऱ्याच्या जातीची फुलं तोडल्यावरही वास तयार करत राहतात, तो चरबी शोषून घेते. रोज जुनी फुलं काढून नवी मांडायची, चरबी वासाने तृप्त होईपर्यंत. आता हेक्झेनसारख्या द्रावकाने मेणचट अर्क काढतात. आपल्याकडे दक्षिणेत हे काम चालतं.

वसूमावशी | ७ एप्रिल, सकाळी ११:४०
चरबी?! मग ते देवाला चालायचं नाही बाई.

शंकासुर | ७ एप्रिल, दुपारी १२:०२
मुख्य प्रश्न राहिलाच. निशिगंधाला साप येतो का? आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर यावरून दोन गट पडलेत. एका गटाने बागेतला वाफा उखडायचा ठराव मांडलाय.

मातीतलाच | ७ एप्रिल, रात्री ८:१०
वासानं कुठला साप येतोय. दीड एकर वासात राहतो आम्ही.

पण गुलछडीत साप असतोच नाही असं म्हणणार नाही. पात दाट, खाली गारवा, पाणी सारखं. बेडूक आले, उंदीर आले, त्यांच्यामागं तो आला. आम्हाला तोडणी पहाटे करावी लागते. सुटी फुलं म्हणजे उमलायला आलेली टपोरी कळी, ती उजाडायच्या आत खुडायची, नाहीतर बाजारात पोचेपर्यंत मऊ पडते. चारला उठून डोक्याला बॅटरी, पायात गमबूट. आई अजून काठी आपटत वाफ्यात शिरते. सोसायटीवाल्यांना सांगा, पालापाचोळा साफ ठेवा, वाफा राहू द्या.

वासाचं म्हणाल तर तो सापासाठी नाही, पतंगासाठी आहे. अंधार पडला की लांब सोंडेचा मोठा पतंग येतो, भिंगरीसारखा जागेवर फिरत फुलात सोंड घालतो. लहानपणी आम्ही त्याला धरायला पळायचो.

चिन्मयी८४ | ७ एप्रिल, रात्री ८:२५
मातीतलाच, एकेरी (पाकळ्यांचा एकच थर) लावू की डबल? नर्सरीवाला डबलच घ्या म्हणतो.

मातीतलाच | ७ एप्रिल, रात्री ८:५५
वास पाहिजे तर एकेरी. हारवाले, वेणीवाले एकेरीच घेतात. डबल लग्नाच्या मांडवाला, बुकेला, काडीसकट. दिसायला भरगच्च, पण वास कमी आणि पावसात वरच्या कळ्या उमलतच नाहीत.

जातींमध्ये राहुरी विद्यापीठाची फुले रजनी एकेरीत चांगली. बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेच्या शृंगार आणि प्रज्वल पण. प्रज्वलची कळी जरा गुलाबी झाक मारते, उमलली की पांढरी. शृंगार सूत्रकृमीला दाद देत नाही, मुळांवर गाठी येतात तो रोग. डबलमध्ये त्यांचीच सुवासिनी.

पानफुटी | ७ एप्रिल, रात्री ९:०८
शोभेसाठी लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने गॅमा किरणांचा मारा करून दोन जाती काढल्यात. रजत रेखाच्या पानावर रुपेरी पट्टा, स्वर्ण रेखाच्या पानाला सोनेरी कड. फूल नसलं तरी कुंडी बघवते. सातवा_मजला यांना हे आधी कळायला हवं होतं!

सातवा_मजला | ८ एप्रिल, दुपारी ४:२०
अबब, केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. साप आणि चरबी वगळून सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. "म्हातारे होत नाहीत, पोरं ठेवून जातात" यावर त्या म्हणाल्या, तेच म्हणत होते मी.

एक गंमत विचारायचीय. दुसऱ्या कुंडीत कधीच फूल आलं नाही म्हटलं होतं ना? तिची पानं वेगळी वाटतात. रुंद, साडेतीन-चार बोटं, जाड, चकचकीत हिरवी. पहिल्या कुंडीतली पानं गवतासारखी अरुंद. माती वेगळी म्हणून असं होतं का?

पानफुटी | ८ एप्रिल, दुपारी ४:३१
थांबा, थांबा. गवतासारख्या पानाच्या बुडाशी, मागच्या बाजूने, लालसर ठिपके आहेत का?

सातवा_मजला | ८ एप्रिल, दुपारी ४:५०
आहेत! पहिल्या कुंडीत आहेत. दुसरीत अजिबात नाहीत.

पानफुटी | ८ एप्रिल, संध्याकाळी ५:०२
मग दुसऱ्या कुंडीत निशिगंध नाहीच. वर्णनावरून स्पायडर लिली वाटते. सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात ती. दांड्याच्या टोकाला पाच-सहा पांढरी फुलं, लांब बारीक पाकळ्या कोळ्याच्या पायांसारख्या आणि मध्ये पातळ पडद्याची वाटी. तिलाही संध्याकाळी वास येतो, निशिगंधापेक्षा हलका. कंद मोठे होतात, आपल्या कांद्याएवढे. पाऊस सुरू झाला की तिच्याकडे लक्ष ठेवा.

शंकासुर | ८ एप्रिल, संध्याकाळी ५:०६
तीन वर्षं परक्याची पोर आपली म्हणून सांभाळली. आणि वर "फूल का देत नाहीस" म्हणून बोल लावले.

वसूमावशी | ८ एप्रिल, संध्याकाळी ५:३०
नर्सरीत कंदांच्या टोपल्या शेजारीशेजारी असतात, मिसळतात बिचारे. माझी मैत्रीण सोनटक्का म्हणून हळद घेऊन आली होती. तिने दोन वर्षं वाट बघितली आणि मग लोणचं घातलं.

अडाणी_माळी | ८ एप्रिल, संध्याकाळी ५:४५
आता खऱ्या निशिगंधाचं बघू. ऊन अडीच तास, हा मुद्दा मी सोडणार नाही. निदान सहा तास हवं. बाल्कनीत नसेल तर सोसायटीच्या गच्चीवर ठेवा.

कंपोस्टचं पाणी दर पंधरा दिवसांनी, हेही जास्त. नत्र जास्त झालं की झाड पातीतच रमतं. लावताना शेणखत भरपूर, मग स्फुरद-पालाश मिळेल असं बघा. बोनमील मूठभर, लाकडाची राख चिमूटभर.

शंकासुर | ८ एप्रिल, संध्याकाळी ५:५२
हाडाच्या फुलाला हाडाचं खत. आझ्टेक खूश.

वसूमावशी | ८ एप्रिल, संध्याकाळी ६:१०
हाडं आमच्या कुंडीत नकोत. आई केळीच्या साली आणि चुलीतली राख घालायची, त्यावर यायचा तो निशिगंध.

मातीतलाच | ८ एप्रिल, रात्री ९:०५
ताई, आता पाणी तोडा. कुंडी कोरडी पडू द्या, मग उलटी करा. कंद सुटे करून माती झाडा, मुळं छाटा, सावलीत पसरा. फ्रीजमध्ये नको, उन्हात नको. तीन-चार आठवडे. मऊ लागणारा, बुरशीचा वास येणारा, खाली काळपट पडलेला कंद फेकून द्या, त्याच्यावर जीव लावू नका.

लावताना माती भुसभुशीत, पाणी न थांबणारी. बारा इंची कुंडीत चार, फार तर पाच कंद. टोक वर, दोन-अडीच इंच खोल. एकदा पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत हात आखडता ठेवा. जास्त पाण्यानं कंद आत कुजतो. पावसाळ्यात बुंध्याशी पांढरी जाळी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती बुरशी आहे. तेवढं झाड मातीसकट काढून टाका. लावतानाच शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी चांगली बुरशी) मिसळलात तर बरं.

लावल्यापासून साडेतीन-चार महिन्यांनी दांडा. आत्ता तयारी केलीत तर गणपतीच्या आसपास यावा. फूल गणपतीत आलं तर सोनं. आम्ही पण तोच हिशेब करतो, आणि दर वर्षी निम्मं फूल पितृपक्षात येतं. तेव्हा बाजारात कोणी विचारत नाही, तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही. पोती बांधून मंदिरात पाठवतो.

बंगालची_सून | ८ एप्रिल, रात्री ९:२२
हे वाचून वाईट वाटलं. इकडे गेल्या दुर्गापूजेला छडी महाग म्हणून मी कुरकुरत होते. त्या पहाटेच्या बॅटरीचा विचारच केला नव्हता.

सातवा_मजला | २३ एप्रिल, सकाळी ११:४०
अपडेट! आज कुंडी उलटी केली. मातीच दिसेना, नुसते कंद. मोजले. लहानमोठे मिळून ५३. सुपारीपेक्षा मोठे फक्त नऊ. तळाशी जुन्या कंदांची तपकिरी, सुरकुतलेली टरफलं सापडली, आतून पोकळ. बहुतेक पहिल्या वर्षी फुललेले तेच. उगाच जरा हातात धरून बसले.

आता सगळे सासूबाईंच्या जुन्या सुपात, कपाटावर. सूप ठाण्यात कुठे मिळणार म्हणून शोधत होते, तर त्यांनीच माळ्यावरून काढून दिलं.

वसूमावशी | २३ एप्रिल, दुपारी १२:०५
शाब्बास. मोठे एका बाजूला, पोरं दुसऱ्या बाजूला.

सातवा_मजला | १८ मे, संध्याकाळी ७:१५
नऊ मोठे कंद दोन कुंड्यांत लावले. गच्चीवर ठेवायची परवानगी सेक्रेटरींकडून मिळवली. "साप येणार नाही" असं लेखी मागतात की काय असं वाटलं होतं, पण नाही मागितलं. पोरांची वेगळी ग्रो बॅग केलीय.

सातवा_मजला | २४ जून, रात्री १०:०२
पानफुटी, नमस्कार करते तुम्हाला. दुसऱ्या कुंडीत आज दांडा उमलला. कोळ्याचे पाय, मध्ये पडद्याची वाटी, अगदी तुम्ही म्हणालात तसं! यंदाच का फुलली देवजाणे. इतकी वर्षं पातीची दाटी बाजूच्या कुंडीवर पडायची, ती हलल्यामुळे उजेड मिळाला असेल.

पानफुटी | २४ जून, रात्री १०:१५
किंवा आपल्या नावाने हाक मारलीत म्हणून!

सातवा_मजला | ११ सप्टेंबर, सकाळी ७:३०
दांडे आले. नवातले सहा. कळ्या लागल्या होत्या बाप्पा यायच्या आधीच. रोज गच्चीवर चकरा मारत होते, आज उमलेल, उद्या उमलेल. बाप्पा आले, गौरी आल्या, गौरी गेल्या, बाप्पा गेले. कळी ढिम्म. काल रात्री पहिलं फूल उमललं. पितृपक्षात.

मातीतलाच | ११ सप्टेंबर, दुपारी १:३०
आता तुम्ही खऱ्या गुलछडीवाल्या झालात ताई. आमचाबी आज तीन पोत्यांचा माल मंदिरात गेला.

वसूमावशी | ११ सप्टेंबर, दुपारी २:००
वाया कशाला? सासऱ्यांच्या फोटोला हार कर.

सातवा_मजला | ११ सप्टेंबर, रात्री ९:४५
केला, मावशी. सासूबाईंनीच ओवला. आत्ता सगळे झोपलेत आणि अख्ख्या घरात वास भरलाय. चिन्मयी, खरं सांगू? आज मलाही त्यात किंचित मलम येतंय. आता ते नाकातून जाणार नाही, आभारी आहे!

बरं, ग्रो बॅगेतली पोरं मस्त वाढलीत, पण तेवढे सगळे पुढच्या वर्षी ठेवायला जागा नाही. एप्रिलमध्ये काढले की वाटेन. ठाणे स्टेशनला येऊन कोण घेऊन जाईल?

चिन्मयी८४ | ११ सप्टेंबर, रात्री ९:५०
मी! दहा!

अडाणी_माळी | ११ सप्टेंबर, रात्री १०:०१
नाशिकहून येतो पाच कंदांसाठी. बदल्यात माझे देतो. आणि हो, यंदा मीही मधलं जंगल उपसतोय.

शंकासुर | ११ सप्टेंबर, रात्री १०:०४
मला दोन. सोसायटीच्या वाफ्यात लावणार आहे, ठराव एका मताने पडला. ते मत माझं होतं. फक्त देताना बघून द्या, परक्याची पोर नको.